ताशी सतरा किलोमीटर



या सदरात आपण खतांच्या मात्रा पाहिल्या, बीजप्रक्रिया पाहिली, गाईच्या खुराकाचा हिशेब मांडला. आज सायकलीविषयी लिहिणार आहे. साहेबांना आज काय झाले, असे तुम्ही म्हणाल. पण विषय शेतकऱ्याच्या घरातलाच आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

गेल्या महिन्यात माझा चुलतभाऊ दौंडला माझ्याकडे आला. आमचे मूळ गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या बाजूला. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, तरी गडी मुद्द्यावर येईना. शेवटी म्हणाला, "दादा, पोरगी सायकलचं डोकं घेऊन बसलीय. दोनशे किलोमीटर एका दमात चालवायचं म्हणते. नाव घालू का नको, तुम्ही सांगा. मागं माझ्या वेळेलाही तुम्हालाच विचारलं होतं."

शेवटचे वाक्य तो सहज बोलला. मला मात्र ते लागले.

१९९२ साल असेल. मी नुकताच बी. एस्सी. ॲग्री होऊन आलो होतो. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होते. हा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा. रोज पहाटे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून डेअरीत जायचा. बारा किलोमीटरची वाट, त्याला पाऊण तास लागायचा. जत्रेतल्या सायकल शर्यतीत दोन वर्षे पहिला आला. पुण्याहून आलेल्या एका जाणकार गृहस्थांनी थोरल्या चुलत्यांना सांगितले, पोराला शर्यतीची सायकल घेऊन द्या, मुंबई-पुणे शर्यतीत उतरवा. तसल्या सायकलीची किंमत ऐकली, तर ती एका संकरित गाईएवढी. चुलत्यांनी मला विचारले. मी एका क्षणात उत्तर दिले, "सायकलवर कुणाचं पोट भरलंय? गाय घ्या."

गाय घेतली. चांगली निघाली. तिच्या वासरांवर गोठा उभा राहिला. म्हणजे माझा सल्ला अगदीच वाया गेला असेही नाही. पण माती परीक्षण केल्याशिवाय मी तुम्हाला खताची शिफारस करत नाही. आणि तिथे, ज्या गोष्टीतले मला ओ की ठो कळत नव्हते, तिच्यावर एका माणसाच्या आयुष्याचा निकाल देऊन मोकळा झालो. 'नाही' म्हणालो ही चूक नव्हे. माहिती न घेता म्हणालो, ही चूक.

म्हणून या वेळी भावाला म्हणालो, "पंधरा दिवस दे. माहिती काढतो, मग सांगतो." जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्याही घरात एखादे पोरगे किंवा पोरगी असा हट्ट धरून बसली असेल.

शर्यतींच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा रस्त्यावरची. २०२६ च्या जानेवारीत आपल्या पुणे जिल्ह्यातच आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, एकूण ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे संघ. अशा शर्यतीत स्वार घोळक्याने चालतात, कारण पुढच्याच्या आडोशाला राहिले की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. संघातले काही जण आपल्या म्होरक्यासाठी दिवसभर वारा खातात. परदेशात अशा स्वारांना संघाकडून पगार असतो. दहा-पंधरा वर्षे ते हेच काम करतात.

दुसरी तऱ्हा ट्रॅकची. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात असा लाकडी ट्रॅक आहे. एक फेरी २५० मीटरची, वळणावर विहिरीच्या उतारासारखा तिरपा. त्या सायकलीला ब्रेक नसतो, आणि चाक फिरते तोवर पायडलही फिरतेच. पाय थांबवायची सोय नाही.

तिसरी तऱ्हा लांब पल्ल्याची. आपल्या मराठी माणसांनी गेल्या काही वर्षांत जगात नाव काढले ते इथे. माझी पुतणी जे म्हणते त्याचे मूळही इथेच आहे. म्हणून तिच्याविषयी सविस्तर सांगतो.

अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत

अमेरिकेत दर वर्षी जून महिन्यात एक शर्यत असते. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइड गावातून निघायचे आणि पूर्व किनाऱ्याला पोचायचे. अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर, वाटेत बारा राज्ये. आधी वाळवंट, तिथे आपल्या मे महिन्यालाही लाजवील असे ऊन. मग रॉकी पर्वत, त्यात तीन हजार मीटरहून उंच असलेला घाट. मग कॅन्सासचे सपाट माळ, तिथे वारा सायकल आडवी करतो. आणि माणूस पार दमल्यावर शेवटी पुन्हा डोंगर. सारी चढण मोजली तर ५०,००० मीटरच्या वर जाते. कळसूबाई समुद्रसपाटीपासून तीसहून अधिक वेळा चढावी, तेवढी.

१९८२ साली चार जणांनी ही शर्यत सुरू केली. हिची खरी मेख अशी की घड्याळ कधी थांबत नाही. झोपा, जेवा, पंक्चर काढा, वेळ चालूच. एकट्याने जाणाऱ्याला बारा दिवसांची मुदत, जोडीने जाणाऱ्यांना नऊ दिवसांची. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासरने २०१४ साली ती ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत पूर्ण केली. २०१२ साली स्वित्झर्लंडच्या रेटो शॉखने जिंकली. स्वित्झर्लंड म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा देश.

आता आपली माणसे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ जोडीने उतरले. दोघेही दवाखाना सांभाळणारे, वयाने चाळिशीच्या आसपासचे. एक जण सायकलवर, दुसरा मागच्या गाडीत आडवा, आणि काही तासांनी पाळी बदलायची. दोघा भावांत रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एकाने बारे मोडायचे, दुसऱ्याने बांधावर डोळा लावायचा. महाजन बंधूंनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. तसे करणारा तो पहिला भारतीय संघ.

एकट्याने ती पूर्ण करणे भारतीयांना त्यानंतर दोन वर्षांनी जमले. लष्करातले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१६ मध्ये प्रयत्न केला, तेव्हा शर्यत अर्धवट सोडावी लागली. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोचले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ पहिल्याच प्रयत्नात पोचले. त्यांना ११ दिवस २१ तास ११ मिनिटे लागली. बारा दिवस भरायला तीन तासही उरले नव्हते.

डॉ. समर्थ तिथे थांबले नाहीत. २०१८ साली ते रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतच्या शर्यतीत उतरले. ती सुमारे ९,१०० किलोमीटरची, टप्प्याटप्प्याने पंचवीस दिवस चालणारी. तीही त्यांनी पूर्ण केली. २०२१ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता हा सुमारे ६,००० किलोमीटरचा महामार्गांचा चौकोन त्यांनी चौदा दिवसांच्या आत पार केला.

एक साधा भागाकार

हे सारे वाचून मी कागद घेतला आणि भागाकार मांडला. ४,९०० किलोमीटरला समर्थांचे २८५ तास. उत्तर आले ताशी सुमारे सतरा किलोमीटर.

मी दोनदा करून पाहिला. ताशी सतरा! माझा भाऊ दुधाचे भरलेले कॅन घेऊन, साध्या काळ्या सायकलीवर, बारा किलोमीटर पाऊण तासात जायचा. म्हणजे ताशी सोळा.

आता गैरसमज करून घेऊ नका. समर्थांच्या सतरात झोप आली, जेवण आले, घाट आले, वाळवंट आले. प्रत्यक्ष चालताना वेग त्याहून जास्त असणारच. पण एवढे खरे की या कामात वाऱ्यासारखे पळणे लागत नाही. आपल्यातल्या कष्टाळू माणसाला घटकाभर जमतो तो वेग, तोच बारा दिवस आणि बारा रात्री सोडायचा नाही, हे लागते. अवघड आहे ते न थांबणे. आणि न थांबणे एकट्याच्या अंगाने होत नाही, त्याला मागे बरेच काही उभे असावे लागते. ते काय, तेही पाहू.

न थांबण्यामागे काय असते

पहिले, खाणे. शेतात राबणाऱ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात. या शर्यतीत आठ ते दहा हजार जळतात. एवढे जेवण एका बैठकीत पोटात मावत नाही. म्हणून तासातासाला थोडे थोडे, बरेचसे पातळ. हे आपल्या ठिबकासारखे आहे. पाटाने एकदम पाणी सोडले तर निम्मे वाहून जाते, थेंबाथेंबाने दिले तर मुळाला लागते.

दुसरे, पाणी आणि मीठ. घामाबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी पीत राहिले तर अंगातले मीठ आणखी पातळ होते, मग डोके दुखते, मळमळते, माणूस भ्रमतो. आपल्याकडे मे महिन्यात बांधावर हेच होते आणि आपण म्हणतो ऊन लागले. घरच्या घरी करायचे असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. मीठ घातलेले ताकही चालते. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तिसरे, झोप. एकट्याने जाणारे बहुतेक जण दिवसाला दोन-तीन तासच झोपतात. त्याहून कमी झोपले की भास होऊ लागतात, समोर नसलेली माणसे दिसतात, सायकल खाली जाते. कधी झोपायचे हे दमलेल्याला स्वतः कळत नाही, ते मागच्या गाडीतल्या माणसांनी ठरवायचे. औताच्या बैलाला 'आता पुरे' हे धन्याने सांगावे लागते, तसेच.

चौथे, अंगाची झीज. दिवसेंदिवस मान वर धरून मानेचे स्नायू हार खातात. १९८३ साली एका अमेरिकन स्वाराची मानच उभी राहीना, तेव्हापासून त्या दुखण्याला त्याचेच नाव पडले आहे. बैलाला जुवाने खांदेसूज होते, तशीच ही गत. म्हणून सायकल अंगाला बेतून घ्यावी लागते. घरच्या सायकलीलाही हा नियम लागू आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीट त्याहून खाली असेल तर गुडघे दुखणारच. शाळेला जाणाऱ्या पोरांच्या सायकली आजच तपासून पाहा.

पाचवे आणि सर्वांत मोठे, मागची माणसे. कुणी गाडी चालवतो, कुणी रस्ता सांगतो, कुणी पाण्याच्या बाटल्या भरतो, कुणी पाय चोळतो. फोटो एकाचा छापून येतो, जागरण सगळ्यांचे असते. आपल्या घरातही पिकाचे बक्षीस सातबारावर नाव असलेल्याला मिळते. खुरपायला कोण होते ते कागदावर येत नाही.

पोटाचा प्रश्न

आता १९९२ चाच प्रश्न पुन्हा. सायकलवर पोट भरते का?

खरे सांगायचे तर लांब पल्ल्याच्या सायकलीवर भरत नाही. त्या अमेरिकेच्या शर्यतीत मोठे बक्षीस नाही, उलट पदरचे किंवा मदतीचे लाखो रुपये घालावे लागतात. महाजन बंधू काय, समर्थ काय, गोकुलनाथ काय, सगळ्यांचे मूळ काम डॉक्टरीचे. हातात व्यवसाय होता, म्हणून हे सोसता आले.

रस्ता आणि ट्रॅकच्या स्पर्धांचे गणित वेगळे आहे. मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या पदकांचा उपयोग होतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी कोणती स्पर्धा धरली जाते, प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत आधी विचारून घ्यावे. पोरांना कुठेतरी पाठवून, फी भरून, मग कागद चालत नाही असे कळण्यापेक्षा एक हेलपाटा परवडला.

पुतणी म्हणते त्या दोनशे किलोमीटरला 'ब्रेव्हे' म्हणतात. ही रीत मूळची फ्रान्सची. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची. अठरा वर्षे पूर्ण लागतात. शिरस्त्राण, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. याला नोकरीत गुण नाहीत. पण दोनशेला साडेतेरा तास म्हणजे ताशी पंधराही नाही. आपल्या पोरांना न झेपण्यासारखे त्यात काही नाही.

माझे उत्तर

पंधरा दिवसांनी मी गावी गेलो. ओट्यावर भाऊ, वहिनी आणि पुतणी. जे कळले ते सगळे सांगितले, पैशाचेही लपवले नाही. मग म्हणालो, "माझं मत 'हो' आहे, पण चार गोष्टी पाळायच्या. शिक्षण सोडायचं नाही, कारण ज्यांची नावं मी घेतली ते सगळे आधी शिकलेले आहेत. महागाची सायकल आत्ता घ्यायची नाही. आहे तिच्यावर आधी पन्नास, मग ऐंशी, मग शंभर असं तीन महिन्यांत वाढवत न्यायचं. पाळीच्या दिवसांत, अशक्तपणा वाटला तर थांबायचं, आणि एकदा रक्त तपासून घ्यायचं. चौथं, अंधारात एकटीनं सराव करायचा नाही."

पोरगी म्हणाली, "तात्या, आणि तीन महिन्यांनी जमलं नाही तर?"

"नाही जमलं तर तपासून कळलं असं होईल. तुझ्या बापाच्या वेळेला आम्ही तपासलंच नाही."

भाऊ काही बोलला नाही. गोठ्याकडे बघत बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, गाय चांगली निघाली होती हो." मला बरे वाटावे म्हणून म्हणाला, की त्याला खरेच तसे वाटत होते, ते मला अजून कळलेले नाही. मी विचारलेही नाही.

थंडीत ती दोनशेला उतरणार आहे. या प्रकारात घरच्यांची गाडी मागे ठेवता येत नाही, पण नोंदीच्या ठिकाणी भेटता येते. तिथे भाकरी आणि ताक घेऊन बसायचे, असे भावाने ठरवले आहे. पूर्वी दूध नेले, आता ताक नेणार.

जाता जाता ऊसवाल्या आणि ट्रॅक्टरवाल्या बंधूंना एक हात जोडून विनंती. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर, पाटस-दौंड रस्त्यावर रात्री ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक लावा. बंद पडलेली ट्रॉली दिवा किंवा खूण न ठेवता रस्त्यात सोडू नका. आणि अंधारात पुढे एखादा बारीक लाल दिवा हलताना दिसला, तर गाडी हळू घ्या. कुणाचा तरी पोरगा दुधाला निघालेला असेल, नाही तर कुणाची तरी लेक.

पुढच्या अंकात उसातल्या हुमणीविषयी. कळावे.